डोळे असलेला ओंडका

फार पूर्वी, नदीच्या एका वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक आई राहत होती. तिला एकुलता एक मुलगा, भिवा. तो पाच-सहा वर्षांचा, पायाला भिंगरी लावल्यासारखा. आई मात्र मुलखाची भित्री. वारा सुटला की ती दार लावून घ्यायची, आणि वारा पडला की तिला वाटायचं, आता काय होणार?

त्या गावच्या नदीत एक सुसर होती. सुसर म्हणजे मगरच, पण तिकडे तिला सुसर म्हणायचे. काठावर पडली की अगदी वाळलेल्या ओंडक्यासारखी दिसायची. लोक तिला ओळखून होते. काठावर गेल्यावर आधी ओंडके नीट बघायचे आणि मगच पाण्यात पाय टाकायचा, ही सवय लहान पोरांनासुद्धा होती.

पुढे राजाने तिथे दगडी घाट बांधला. फार देखणा घाट. लांबलांबून लोक यावेत, घाटाची वाहवा करावी, असं राजाला वाटायचं. पाहुणे यायचेही. पण गावातलं कुणीतरी म्हणायचं, "जपून हं, सुसर आहे," आणि पाहुणे पाय न भिजवताच माघारी जायचे.

राजाला राग आला. सुसरीचा नाही, बोलणाऱ्यांचा.

त्याने दवंडी पिटवली, "आजपासून नदीत सुसर नाही हो! जो कुणी तिचं नाव काढील, त्याला शिक्षा होईल हो!"

राजाची माणसं कामाला लागली. देवळाच्या भिंतीवर कोरलेली सुसर खरवडून काढली. मुलांच्या अंकलिपीतून सुसरीचं चित्र गेलं, तिथे ससा आला. पोरं एक खेळ खेळायची, त्यात एकाने सुसर व्हायचं आणि बाकीच्यांनी पायरीवर चढून जीव वाचवायचा. तोही बंद झाला. कुणाची शेळी गेली तर "वाहून गेली" म्हणायचं, असं ठरलं. मग काय, भर उन्हाळ्यात, घोटाभर पाण्यात शेळ्या वाहून जायला लागल्या.

शिक्षा काय होती, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी बोललंच नव्हतं. आणि माहीत नव्हती, म्हणून भीती जास्त.

भिवा जन्मला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. त्याने ते चित्र पाहिलं नव्हतं, तो खेळ खेळला नव्हता, ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

"पाण्याजवळ जाऊ नकोस रे," आई सांगायची.

"का?"

"पाणी थंड असतं."

भिवा जाऊन बघून यायचा. "थंड नव्हतं गं."

"मग शेवाळं असतं. घसरशील."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. "शेवाळं पण नव्हतं."

असं रोज चालायचं. आई रोज नवं कारण शोधायची आणि ते रोज खोटं निघायचं. हळूहळू भिवाला कळून चुकलं की आपली आई उगीच काहीतरी सांगते. मग तो "हो" म्हणायचा आणि जायचा तिथेच जायचा.

शेजारी तानी नावाची मुलगी होती, भिवाएवढीच. तिची आई धीट बाई. एकदा दोघी आया अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या, तेव्हा शेजारणीने हळूच विचारलं, "भिवाची आई, पोराला सांगितलंस का गं?"

"काय?"

"काय म्हणजे? नदीतलं."

"अगं बाई, हळू बोल ना!" आईच्या हातातली चिंच खाली पडली.

"मी तानीला सांगून टाकलं. चुलीमागे कोळशाने चित्र काढलं, डोळे कसे असतात ते दाखवलं, आणि पुसून टाकलं."

"आणि ती बाहेर बोलली तर? पोरांच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

"बोलली तर शिक्षा मला होईल. मी नाही सांगितलं तर ती तिला होईल. त्यापेक्षा माझी परवडली."

पण आईची छाती काही झाली नाही. उलट तिने त्याच दिवशी भिवाला बजावलं, "तानीशी खेळायचं नाही."

"का?"

"तिच्या डोक्यात उवा आहेत."

"माझ्या पण आहेत की!"

एके दिवशी सकाळी बायका घाटावर धुणं धूत होत्या. वरच्या पायरीवर भाला घेऊन शिपाई बसला होता. तो नवा होता, राजधानीहून आलेला. भिवा खेळता खेळता अगदी शेवटच्या पायरीवर गेला आणि आनंदाने ओरडला, "आई, बघ ना! या ओंडक्याला डोळे आहेत!"

सगळ्या बायकांचे हात थांबले. सगळ्यांना दिसलं होतं. पण त्यांनी आधी शिपायाकडे बघितलं.

"बाळा, ऊन लागेल हं, वर ये," एक म्हणाली.

"तिथे निसरडं आहे रे राजा," दुसरी म्हणाली.

असली कारणं भिवाने जन्मभर ऐकली होती. तो हसला आणि तिथेच उकिडवा बसला. ओंडका जरा जवळ आला.

आईने शिपायाकडे बघितलं, मग भिवाकडे बघितलं, आणि सगळा जीव एकवटून ती ओरडली, "भिवा! सुसर! सुसर आहे ती, पळ!"

भिवाने मागे वळून पाहिलं. जागचा न हलता त्याने विचारलं, "सुसर म्हणजे काय गं?"

एवढी हिंमत करून आईने तो शब्द तोंडातून काढला होता, आणि पोराला तो माहीतच नव्हता.

आई धावली, पण मधे पायऱ्या फार होत्या. भिवाच्या मागेच तानी धुणं पिळत होती. तिला तो शब्द माहीत होता. तिने भिवाचा सदरा मागून धरला आणि असा हिसका दिला की दोघंही वरच्या पायरीवर आडवी झाली. खाली जबडा खाडकन मिटला. भिवाची टोपी तेवढी गेली.

शिपाई खाली आला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता, पण हुकूम तो हुकूम. "कोण ओरडलं?"

बायकांनी माना खाली घातल्या. भिवाला कडेवर घट्ट धरून आई उभी राहिली. "मी."

तेव्हा कुठे शिक्षा कळली. तोंडावर कापड बांधून तिला दिवसभर घाटावर, सगळ्यांना दिसेल असं बसवायचं.

दुसऱ्या दिवशी आई बसली. गंमत म्हणजे, आता काय होणार, असं तिला एकदाही वाटलं नाही. भिवा शेजारी बसला होता.

एक मूल आपल्या आईचं बोट धरून आलं. "आई, या काकूंचं तोंड का बांधलंय?"

"चल गुपचूप."

"पण का?"

पोरांचा 'का' कुठे संपतो? त्या बाईने शिपायाकडे बघितलं, वाकली, आणि पोराच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दुसरं मूल आलं, तिसरं आलं. परगावचे पाहुणे आले, त्यांनीही विचारलं. दुपारपर्यंत घाटावर नुसती कुजबुज. शेवटी भिवानेच मोठ्याने सांगून टाकलं, "माझी आई सुसर म्हणाली, म्हणून! ती बघा, तिकडे पडलीय. ओंडक्यासारखी दिसते, पण डोळे बघायचे."

"कुठे? कुठे?" पोरं गोळा झाली. "सुसर! ती बघ सुसर!"

शिपाई उठला. पण तोंडं पन्नास, आणि त्याच्याजवळचं एकुलतं एक कापड तर आधीच बांधलेलं. मग त्याने भाला बाजूला ठेवला, आईच्या तोंडावरचं कापड सोडलं आणि भिवाजवळ बसला.

"नीट सांग रे बाळा," तो हळूच म्हणाला, "डोळे कसे असतात तिचे? माझी पोरगी रोज इथे पाण्याला येते."

तात्पर्य काय, तर संकटाचं नाव लपवलं म्हणून संकट जात नाही. फक्त आपल्या लेकरांना ते ओळखता येत नाही.