पेल्याला ओठ कुणाचा?

शेजारच्या बलाढ्य महाराजांचा दूत मिशीला पीळ देत भैरवगडच्या दरबारात शिरला. त्याच्या हातात नक्षीदार चांदीचा पेला होता, सरबताने भरलेला.

"महाराजांची भेट! याला ओठ लावाल, तर त्यांचे मांडलिक. प्यायला नाहीत, तर युद्ध!"

म्हातारे मुत्सद्दी एकमेकांची पागोटी न्याहाळू लागले. "प्या गुपचूप, राजे," एक कुजबुजला. राजकन्या मैनाला त्या भित्र्या मुत्सद्द्यांच्या पिकल्या मिशांची किळसच आली.

"आबासाहेब, आपल्या रीतीनं वरून प्या की!"

राजांनी पेला उंच धरला नि सरबत गटागटा संपवलं. ओठ लागलाच नाही!

मैनाने हसतच पेल्यात ताक ओतलं.

"आलेलं भांडं आम्ही रिकामं परत धाडत नाही, दूतसाहेब. महाराजांना म्हणावं, जपून प्या. ओठ लागला, तर आमचे मांडलिक व्हाल!"