सगळ्यांत वरची रेघ

"माझ्या रेघेच्या वर कुणी गेलं का हो, गुरुजी?"

चपला काढता काढताच हेमांगीने विचारलं. सात वर्षांनी भेटणारं माणूस आधी तब्येतीची चौकशी करतं. पण हिला धीर कुठला! वर्ग सकाळी सातचा, आणि ही साडेसहालाच हजर.

फणसळकर गुरुजी सतरंज्या अंथरत होते. अठ्ठ्याहत्तरीतही पाठ ताठ.

"भिंत आहे तिथंच आहे," ते म्हणाले. "बघ की."

गुरुजींच्या योगवर्गाची एक रीत होती. भिंतीला लागून पालथं झोपायचं आणि भुजंगासनात डोकं, छाती वर उचलायची. डोकं जिथवर जाईल तिथं भिंतीच्या निळ्या ऑइलपेंटवर खडूची रेघ, शेजारी नाव. महिन्याने जुनी रेघ पुसून नवी काढायची.

हेमांगी भिंतीकडे धावलीच. खाली तीसएक रेघा दाटीवाटीने होत्या, आणि त्या सगळ्यांच्या वर एकटी एक. शेजारी लिहिलं होतं : हेमांगी.

"आहे! अजून आहे!"

ती टाळ्या पिटायचीच बाकी होती. सेहेचाळीस वर्षांची बाई, पण आनंद सहावीतल्या मुलीचा. मग तिने रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला ताजा खडू लागला.

"तुम्ही गिरवता ही?"

"पुसट झाली की गिरवतो."

हेमांगीचा ऊर भरून आला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि तिचा वर्ग सुटला. त्या जाऊनही आता दोन वर्षं होत आली. एवढ्या काळात कुणीतरी आपलं नाव गिरवत होतं! तिने ओढणी कमरेला खोचली, सतरंजी ओढली आणि पालथी झाली.

"बघा हं, गुरुजी."

श्वास घेऊन ती वर उठली.

रेघ वीतभर वरच राहिली.

"थांबा. हे नुसतं अंग मोकळं करायला होतं."

दुसऱ्यांदा तिने जोर लावला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डोकं पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा कमरेत चमक भरली.

"आई गं!"

गुरुजी शेजारी येऊन बसले.

"फाटकापर्यंत किती वेळा आलीस?"





"तीनदा. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खिडकी आहे ना मला. परत का गेलीस?"

हेमांगीने मान वर करून रेघेकडे पाहिलं. मग कपाळ सतरंजीवर टेकलं.

"भीती वाटायची. तिथवर पोचले नाही, तर लोक म्हणतील, हीच का ती हेमांगी! आणि झालंही तसंच. जाते मी, गुरुजी. घरी महिनाभर करते, मग येते."

गुरुजी उठले. कोपऱ्यातल्या माठाशी गेले, खिशातला रुमाल भिजवला आणि तिच्या हातात दिला.

"पूस."

"काय?"

"रेघ."

"अहो, माझी एवढी एकच तर..."

गुरुजींनी भिंतीकडे बोट केलं.

हेमांगी गुडघ्यांवर बसली. आधी नाव पुसलं, मग डोळे मिटून रेघ. डोळे उघडले तर समोर नुसती निळी ओली भिंत.

तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू. कुणीतरी डोक्यावरची घागर उतरवून घ्यावी, तसं वाटलं. ती पुन्हा पालथी झाली आणि या खेपेला भिंतीकडे न बघता सावकाश उठली. पाठीचा एकेक मणका जागा होत गेला. छाती उघडली. खिडकीतून कोवळं ऊन थेट तोंडावर आलं.

"गुरुजी, गुरुजी! किती बरं वाटतंय हो! किती वर आले?"

"खडू सापडत नाहीये."

खडू त्यांच्या खिशातून डोकावत होता. हेमांगीला तो दिसला आणि ती तशीच, छाती उचललेली, खळखळून हसली. फाटकापाशी माणसं जमू लागल्याचे आवाज येत होते. उठून लपावंसं तिला वाटलं नाही.

"पण गुरुजी, पुसायचीच होती, तर सात वर्षं गिरवत का बसलात?"

गुरुजींनी रुमाल पिळला, झटकला आणि खिडकीच्या गजावर वाळत घातला.

"एसटीत सीटवर रुमाल टाकतो आपण... माणूस आलं की उचलतो की नाही?"