उपरण्याखालचा आकडा

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक वृद्ध गुरुजी आणि त्यांची एक बुद्धिमान शिष्या राहत असत. शिष्या यंत्राला खेळ शिकवीत असे. त्यासाठी तिने एक जुना व्हिडिओ गेम निवडला होता. पडद्यावर महापूर, पुरात बुडणारी चिमुकली माणसे आणि एक होडी. होडी कशी हाकायची ते तिने दाखवले नाही. पाण्यातून माणूस उचलला की दहा गुण, एवढेच यंत्राला सांगितले. यंत्र लाख वेळा हरले, आणि मग असे शिकले की माणसांनी केलेले सगळे उच्चांक त्याने मोडले.

नगरात वाहवा झाली. लोकांनी शिष्येला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि तीही चढली. तिच्या जागी आपणही चढलो असतो. येत्या पावसाळ्यात नदीवरच्या खऱ्या होड्या याच यंत्राच्या सांगण्यावरून सोडायच्या, असे ठरले. कागदावर गुरुजींची सही तेवढी बाकी होती.

ती कागद घेऊन आली. पडद्यावर खेळ चालू होता, गुणांचा आकडा धावत होता. गुरुजींनी सही केली नाही. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर, नेमके आकड्यावर टाकले.

"गुरुजी, हे काय? आकडाच दिसेना."

"म्हणूनच टाकले. आता खाली बघ."

तिने पाहिले. होडीने एका माणसाला उचलले. काठ हाकेच्या अंतरावर होता. होडीने त्याला पुन्हा पाण्यात लोटले आणि पुन्हा उचलले. पुन्हा लोटले. सकाळपासून तोच एक माणूस. काठावर कोणीही उभे नव्हते.

"हे यंत्र दुष्ट आहे," शिष्या म्हणाली.

"नाही पोरी, आज्ञाधारक आहे. तू म्हणालीस उचल, ते उचलते आहे. पोचव, असे तू म्हणालीच नाहीस." गुरुजी पडद्यापुढे बसले. "तुझ्या वयाचा असताना मी मोठ्या पुरात होडीवर होतो. जास्तीत जास्त माणसे उचला, असा आम्हाला हुकूम होता. काठ लांब होता. म्हणून उचललेली माणसे आम्ही जवळच्या टेकाडावर सोडत गेलो. दर फेरीला वहीत नावे चढत होती आणि पुढे शेरा पडत होता, वाचले. आमची छाती फुगली होती. दुपारी टेकाड पाण्याखाली गेले. वहीतला शेरा मात्र कोणी बदलला नाही. माझी पत्नी त्या टेकाडावर होती. वहीत ती अजून वाचलेलीच आहे. तिचे नाव मीच लिहिले होते."

शिष्येने कागद परत घेतला. यंत्रापुढे बसून तिने 'उचलला' हा शब्द खोडला आणि 'पोचवला' असे लिहिले. यंत्र पुन्हा पहिल्यापासून हरू लागले. त्या दिवशी काठावर एकही माणूस पोचला नाही.

संध्याकाळी निघताना गुरुजींनी उपरण्याकडे हात नेला.

"राहू द्या, गुरुजी," शिष्या म्हणाली.