तीर्थाचा पहिला मान

"उद्या दवंडी पिटा की ओढ्याचे पाणी निर्मळ आहे. मात्र दवंडीत एकही शब्द खोटा असता कामा नये!" राजे विश्वंभररावांनी आज्ञा केली.

दरबारात डफ घेऊन उभ्या असलेल्या भिवाजीने मान खाली घातली. देवखोऱ्यात बातमी म्हणजे भिवाजीची दवंडी. डोंगराई देवीचे नाव घेऊन तो डफावर पहिली थाप मारी, त्यामुळे त्याच्या मुखातून असत्य कधी निघाले नव्हते. आणि म्हणूनच लोक हातातले काम टाकून त्याचे ऐकत. इकडे ओढ्याचे पाणी मात्र विटेच्या रंगाचे झाले होते. वरच्या डोंगरात रंगप्पाशेठची लोखंडाची खाण होती. शेठने धातू उपसून नेला आणि मातीचे ढिगारे ओढ्याच्या उगमाशी सोडून दिले. ते हलवण्याचा खर्च ऐकून राजांच्या खजिनदाराने दोन वेळा पाणी मागितले होते. अर्थात गडावरच्या विहिरीचे.

"महाराज, पाणी लाल आहे," भिवाजी म्हणाला.

"ते आम्हांसही दिसते. पण लाल पाणी निर्मळ नसते, असे कुठे सांगितले आहे?"

शेजारी बसलेल्या रंगप्पाशेठने गंभीरपणे मान डोलावली. "लोखंड पोटात गेले की अंगात बळ येते, महाराज! लोकांनी खरे तर माझे आभार मानावेत."

"आणि अशी दवंडी मला जमली नाही तर?" भिवाजीने विचारले.

"तर डफ देवळात ठेव आणि घरच्यांना घेऊन खोरे सोड!"

भिवाजीची मुलगी साळू बापाची भाकरी घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "बाबा, हो म्हणा. दवंडी मी देते. महाराज, एकच शंका आहे. पाणी निर्मळ आहे, हे कोण म्हणालं म्हणून सांगू?"

"आम्ही म्हणालो म्हणून सांग! शेठजीही म्हणतात."

"मग त्यात खोटं काहीच नाही," साळू म्हणाली आणि तिने मुजरा केला.

सकाळी चावडीपुढे डफ वाजला.

"ऐका हो ऐका! डोंगराईच्या नावानं ऐका! महाराज म्हणतात, ओढ्याचं पाणी निर्मळ! रंगप्पाशेठ म्हणतात, ओढ्याचं पाणी निर्मळ! येत्या पौर्णिमेला देवीचा अभिषेक, रीतीप्रमाणे, ओढ्याच्याच पाण्यानं! तीर्थाचा पहिला मान महाराजांचा! दुसरा मान उत्सवाचा खर्च देणाऱ्या रंगप्पाशेठचा होऽऽ!"

राजांनी गडावरून दवंडी ऐकली आणि ते प्रसन्न झाले. शब्द सारे खरे, रीत पूर्वापार, आणि मान आपलाच! पाणी बिघडल्यापासून देवळातले वृद्ध गणू गुरव देवीची क्षमा मागून अभिषेकाची घागर गडावरच्या विहिरीतून गुपचूप भरत असत, ही गोष्ट राजांस ठाऊक नव्हती; त्यांच्या ओंजळीत तीर्थ नेहमी स्वच्छच पडे. दवंडी ऐकताच गुरवांनी विहिरीकडे निघालेली घागर उचलून ओढ्याची वाट धरली. देवीच्या नावाने पुकारा झाल्यावर त्यांचाही निरुपाय होता.

पौर्णिमेस देवळापुढे उभे राहण्यास जागा उरली नाही. महाराज पितात, मग आपणही पिऊ, असे म्हणत लोक तांबे घेऊन आले होते. अभिषेक झाला. देवीचे पांढरे वस्त्र गेरूच्या रंगाचे झाले. गुरवांनी राजांच्या ओंजळीत पळी रिती केली.

तीर्थ नाकारता येत नाही. सांडताही येत नाही. राजे ओंजळीकडे पाहत राहिले. लोक राजांकडे पाहत राहिले. पांढऱ्या अंगरख्याच्या बाहीवर एक तांबडा थेंब उतरला.

"शेठजी," राजे म्हणाले, "तुमच्या अंगात बळ येणार होते. आजचा पहिला मान तुम्ही घ्या."

"महाराज, मला आज कडक उपवास आहे!"

"तीर्थाने उपवास मोडत नाही, शेठजी," असे म्हणत गुरवांनी त्यांच्याही हातावर पळी रिती केली.

आता दोघे ओंजळ धरून उभे राहिले. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "अगो बाई, निर्मळ आहे ना? मग हे थांबलेत कशाला?"

राजांचे डोळे साळूवर खिळले. "पोरी! पाण्याबद्दल लोकांच्या मनात शंका राहू नये म्हणून आम्ही दवंडी देवविली! तू तर साऱ्या खोऱ्याला ते निर्मळ नसल्याचे कळवलेस!"

"मी नाही कळवलं, महाराज!" साळूने हात जोडले. "मी तर निर्मळ म्हणूनच सांगितलं, आणि लोकांनी ते मानलं. बघा, तांबे घेऊन आलेत! तुम्ही ओंजळ धरून थांबलात, तेव्हा त्यांना कळलं. आजची दवंडी तुम्हीच दिलीत!"

मग राजे असे हसू लागले की गुरवांनी धावत येऊन त्यांच्या ओंजळीखाली ताम्हन धरले!

"शेठजी," ताम्हनात तीर्थ सोडून, डोळे पुसत राजे म्हणाले, "आमची ओंजळ मोकळी झाली. तुमची अजून भरलेली आहे. पिता, की डोंगरातली माती उचलता?"

शेठने ओंजळीत पाहिले. "उचलतो, महाराज! स्वखर्चाने उचलतो! आधी ते ताम्हन इकडे आणा!"

राजांनी हातातले सोन्याचे कडे काढून साळूपुढे धरले. "हे घे. आणखी काय हवे ते माग, पोरी!"

साळूने कडे कपाळाला लावून बापाच्या हाती दिले.

"महाराज, यापुढं दवंडीचा मजकूर दरबारातून यायला नको," ती म्हणाली. "दरबारातून फक्त डफाचं कातडं येत जावं."

"दिले!" राजे म्हणाले आणि पुन्हा इतके हसले की गुरवांना ताम्हन घेऊन पुन्हा धावावेसे वाटले.