दुसऱ्यांदा म्हणायची ओळ

मिसिसिपी नदीच्या काठी स्वीटगम नावाची वस्ती आहे. तिथल्या लाकडी चर्चमध्ये गाणारा पहिली ओळ म्हणतो आणि एकदम थांबतो. सगळे बंद दाराकडे बघत राहतात. पाहुण्यांना वाटतं, गडी ओळ विसरला. एखादा उतावळा टाळ्याही पिटतो. चर्चची देखभाल करणाऱ्या हेस्टर आजी त्याला डोळ्यांनीच गप्प करतात आणि नंतर पायरीवर बसवून ही हकीकत ऐकवतात. इथल्या काळ्या लोकांच्या दुःखातून आलेल्या ब्लूज गाण्यात पहिली ओळ दोनदा का म्हणतात, याची कारणं पुस्तकवाले निराळी देतात. देईनात का बापडे.

गुलामीच्या काळात इथे नजर पोचेल तिथवर कापूस होता. माणसं रांगेने कुदळी चालवत तण काढत. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि ओळ पुरी झाल्याशिवाय कोणी पाऊल पुढे टाकायचं नाही, अशी रीत. म्हणजे गाणं जेवढं जलद, तेवढं काम जलद.

ओळ म्हणायची डॉर्कस. तिचा धाकटा भाऊ एनस एका पायाने अधू, आणि मागे पडेल त्याला चाबूक. म्हणून ती ओळ लांबवायची. पण मुकादमाचे कान तिखट होते. त्याने तिला बांधालगतच्या कापसाच्या कोठीत कोंडून कुलूप घातलं आणि एनसला रांगेपुढे उभं केलं.

"आता तू म्हण. जलद म्हण. रांग रेंगाळली, तर बहिणीला पाणी नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. जलद म्हणावं तर पायाला झेपेना, सावकाश म्हणावं तर बहीण तहानेली. एनसने जीव खाऊन जलद ओळ म्हटली. रांग ती झेलणार, तोच कोठीतून तीच ओळ आली, लांबच लांब ओढलेली. ती संपेपर्यंत रांग हलली नाही. रीत ती रीत. एनसला अधू पाय पुढे ओढता आला.

संध्याकाळी मुकादमाने पाण्याची बादली कोठीच्या दाराशी मातीत ओतली, असं सांगतात.

एनस दाराला तोंड लावून रडला. "गप्प बस ना गं! माझ्यासाठी म्हणू नकोस!"

"तू पायाकडे बघ," आतून डॉर्कस म्हणाली. "ओळीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी त्याने ओळी आणखी भराभर म्हटल्या, तिला मध्ये शिरताच येऊ नये म्हणून. तरी ती म्हणतच राहिली. आवाज घोगरा होत गेला. प्रत्येक ओळीने त्याचा चाबूक चुकत होता आणि तिची तहान वाढत होती. हे सगळं कळूनही त्याला थांबता येत नव्हतं.

भर दुपारी त्याने ओळ म्हटली, आणि कोठीतून काहीच आलं नाही.

रांग थबकली. मुकादम ओरडला, चाबूक फिरला, पण एकानेही पाऊल उचललं नाही म्हणे. एनस दाराकडे बघत राहिला. मग त्यानेच ती ओळ पुन्हा म्हटली, तिच्यासारखी लांब ओढून. तेव्हा कुठे पाय हलले. त्यानंतर चाबूक झिजले, पण त्या शेतात जलद गाणं कोणी म्हटलं नाही.

कोठी गेली, तिच्याच जागी चर्च उभं राहिलं. दार तेवढं जुनं आहे, कुलपाची कडी काढून टाकलेलं. आजही पहिली ओळ झाली की सगळे त्या दाराकडे बघत डॉर्कससाठी थांबतात. आवाज येत नाही. मग ती ओळ पुन्हा म्हणायचा मान गावात सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याचा. सध्या तो हेस्टर आजींचा आहे. त्या काठी टेकत उठतात, आणि अजिबात घाई करत नाहीत.