बेहड्यावरची रिकामी ढोली

फार वर्षांपूर्वी एका रानात एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोल्यांचा कारभार राघूकडे होता. रानसभेचा कायदा मात्र साफ होता: रिकामी ढोली जो आधी मागेल त्याची.

एका सकाळी पिंगळी तिथे आली. तिची अंडी घालायची वेळ जवळ आली होती.

"राघूदादा, वरची ढोली मिळेल का?"

"ती कालच गेली," राघू तिच्याकडे न बघताच म्हणाला.

पिंगळीने ही गोष्ट आपल्या मैत्रिणीला, साळुंकीला सांगितली. साळुंकीला शंका आली. ती तडक राघूकडे गेली आणि तिने तीच ढोली मागितली.

"ये की, रिकामीच आहे!" राघू हसून म्हणाला. "आताच एका पिंगळीला वाटेला लावलं. असलं अपशकुनी तोंड इथं नको."

साळुंकीने हे रानसभेत जसंच्या तसं सांगितलं. सभेचा प्रमुख म्हातारा गवा होता. त्याने राघूला विचारलं, "पिंगळीने तुझं काय वाकडं केलं?"

"माझं काही नाही, पण... सगळेच म्हणतात," राघू पुटपुटला.

"सगळे म्हणतात म्हणून कायदा बदलत नाही!" गवा गरजला. "ढोली पिंगळीची. आणि बेहड्याचा कारभार आजपासून साळुंकीकडे."

त्याच दुपारी पिंगळी ढोलीत राहायला गेली. दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली गर्दी झाली. वटवाघूळ, घुबड, घोरपड, आजवर परत पाठवलेले सगळेच घर मागायला आले होते, आणि कोणाचीही मान खाली नव्हती.