हौसाबाईचा गोठा आणि साहेबांची टाकी

माणदेशातल्या एका वाडीवर हौसाबाई नावाची म्हातारी राहायची. दोन खणांचं पत्र्याचं घर, शेजारी गोठा आणि गोठ्यात एक तांबडी गाय, एवढाच तिचा संसार. पाऊस तिकडं मोजकाच. पत्र्यावरून ओघळणारं पाणी साठवायला सरकारातून टाकी मिळणार होती. त्यासाठी दाभाडे साहेब आले आणि गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पाडा. इथं वीस हजार लिटरची टाकी बसेल."

"साहेब, लहान बसवा की. गोठा पाडला तर गाय कुठं बांधू?"

"बाई, टाकी मोठी तर पाणी जास्त. शिकलेल्या माणसाशी वाद घालू नका. उद्या गोठा पडला पाहिजे."

हौसाबाईने मान डोलावली. "बरं. निदान धारोष्ण दूध तरी घेऊन जा."

साहेब खूश होऊन बाजेवर बसले. हौसाबाईने घरातून पन्नास माणसांचा भात शिजेल एवढं पातेलं ओढत आणलं आणि ती गाईपाशी धार काढायला बसली. साहेब पोट धरून हसले. "अहो बाई, गाय देऊन देऊन दोन लिटर देणार. पातेलं मोठं घेतलं म्हणून दूध वाढतं का?"

"नाही वाढत?" हौसाबाई थांबली. "मग साहेब, टाकी मोठी बघून माझा एवढासा पत्रा जास्त पाणी कसा देईल?"

साहेबांना बघायला जमलेली वाडीवरची माणसं खो खो हसली. साहेबांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. मग खिशातून मोजायची टेप काढून हळूच म्हणाले, "बाई, शिडी आहे का घरात?"